चौथं फाटक

“ए ट्रकवाल्या! फाटक कोण लावणार, तुझा आजा?”

त्याच्याशी मी बोललेलं पहिलं वाक्य हे असं. गोड बोलायची सवय मला तेव्हाही नव्हती, आजही नाही. ज्यांना गोड लागतं त्यांनी केक खावा.

गुरुवारची दुपार होती. नोव्हेंबर सरत आलेला, आमच्या ऑस्ट्रेलियात तो उन्हाळाच, ऊन असं की कुंपणाच्या तारेला हात लावला तर चटका बसावा. मागच्या वाटेवरच्या पहिल्या फाटकाशी मी तार ताणत होते, तेवढ्यात लग्नाचे तंबू लादलेला एक निळा ट्रक धुरळा उडवत सरळ आत घुसला. माझी हाक ऐकून थांबला. दारातून आधी दोन लांब पाय उतरले, मग बाकीचा तो.

“माफ कर... मला वाटलं, मागून अजून गाड्या येतायत. लग्नाच्या.”

“लग्न शनिवारी आहे. तोवर माझ्या मेंढ्या मेलबर्नला पोचतील.”

“पोचल्या तर माझ्या आईकडे उतरतील. ती कुणालाही जेवायला घालते.”

हसू आलं होतं, पण मी ते गिळलं. त्यानं टोपी काढून हातात धरली होती, आणि डोळे... आभाळ भरून येतं पण पाऊस पडू की नको म्हणत अडून बसतं ना, तसल्या रंगाचे. आमच्याकडे तो रंग वर्षात चार दिवस दिसतो. माणूस कामधाम सोडून बघत राहतो.

“इथली रीत ऐक,” मी म्हटलं. “फाटक लावायचं. उतरायचं, उघडायचं, गाडी आत घ्यायची, परत उतरायचं, लावायचं. एक जरी उघडं दिसलं तर तुझे तंबू चुलीत घालीन.”

“प्रत्येक फाटक?”

“प्रत्येक.”

तो शब्द माझा. नंतर कुणी काहीही म्हणो, शब्द माझा होता.

“नाव काय तुझं?” जाताना त्यानं विचारलं.

“एल्वा. आणि तुला नाव असेल तर ते नंतर सांग, आधी फाटक.”

“नेव्हिल,” तो साखळी अडकवता अडकवता म्हणाला. आणि ती साखळी त्यानं एकदा नाही, दोनदा गुंडाळली. माझ्या धाकानं.

शेतात तंबू ठोकून, गाणंबजावणं करत तीन दिवस लग्न लावायचं, ही टूम आपणच काढली असं हल्लीच्या पोरींना वाटतं. आमच्या मार्गोनं ती पन्नास वर्षांपूर्वी काढली. मार्गो माझी धाकटी बहीण. मेलबर्नला शिकायला गेली आणि टोबी नावाचा गिटारवाला घेऊन आली. दीडशे माणूस येणार, घरामागच्या कुरणात तंबूत नाहीतर गाडीत झोपणार, ट्रकच्या फळीवर वाजवणारे उभे राहणार, बर्फ भरलेल्या लोखंडी टबात बिअर. पाद्रीबाबा चर्चमध्ये नाही, निलगिरीखाली उभे राहणार. त्या एका गोष्टीपायी आई आठवडाभर कुणाशी बोलली नाही. नुसती कुखेन, आमच्या घराण्यातला जर्मन केक, भाजत बसली, परातीमागून परात.

मार्गो शाळा शिकली, मी मेंढ्या शिकले. मी तेरा वर्षांची असताना बाबा ट्रॅक्टरवरून पडले, पाठ मोडली, आणि माझं दप्तर खुंटीला लागलं ते लागलंच. कुंपण मी, कातरणी मी, विणी मी. पण जमिनीचा विषय निघाला की बाबा माझ्या चुलतभावाचं नाव काढायचे. क्लाइव्ह. शेजारची जमीन त्याचीच, वर पुरुषमाणूस. खूप भांडल्यावर बाबांनी मला साठ मेंढ्या वेगळ्या काढून दिल्या, अजून एकदाही न व्यायलेल्या.

“सांभाळून दाखव,” म्हणाले. “पोरीच्या हातात कळप टिकतो, हे दिसू दे मला.”

लग्नानंतरच्या सोमवारी हॉर्शमला वकिलाकडे जायचं ठरलं होतं. कागदावर नाव कुणाचं, माझं की क्लाइव्हचं, ते बाबांनी अजून सांगितलं नव्हतं. माझ्या बाजूनं बोलणाऱ्या फक्त त्या साठ मेंढ्या होत्या.

शुक्रवारी सकाळपासून माझा पाय एका जागी ठरला नाही. पाहुणे पुढच्या, घराकडच्या वाटेनं येत होते (गुरुवारी मीही तिकडूनच परतले होते), दर घटकेला कुणी ना कुणी “पाणी कुठे?”, “खिळे कुठे?” विचारत होतं. रोज सकाळी मी टेकडीवर जाऊन मेंढ्यांवर नजर टाकायचे. त्या दिवशी गेले नाही. उद्या जाईन म्हटलं.

दुपारी कातरणीच्या शेडमध्ये पियानो चढवायचा होता. रात्रीचा नाच तिथे. चार पिढ्यांच्या लोकरीची चरबी मुरून त्या शेडच्या फळ्या अशा गुळगुळीत झाल्यात की नवख्या माणसानं जपून पाय टाकावा. नेव्हिलनं टाकला नाही. पियानोचं एक टोक त्याच्या हातात, आणि तो बसल्या बसल्या घसरत निघाला.

“उठतोस का तिथेच वाजवायला बसतोस?” मी विचारलं.

“हात दे.”

“माझ्या हाताला काम आहे.”

“मग काम संपेपर्यंत बसतो. इथून बरं दिसतंय.”

“काय बरं दिसतंय?”

“छप्पर,” तो म्हणाला. छपराकडे बघतच नव्हता.

मी हात दिला. तो उठला, पण हात सोडायला एक श्वास जास्त लागला... त्याला की मला, ते मी आजही सांगणार नाही. बाह्या वर सारलेल्या, कोपरापर्यंत घाम आणि धूळ. मनगटाजवळ दोरखंडाचा जुना वळ. असले हात मी रोज बघायचे. आमच्याकडे कातरणीला वीस-वीस माणसं येतात, सगळ्यांना हात असतात. पण ते हात मी कधी असे बघितले नव्हते.

“तुझा धाक बसला हं मला,” तो कपडे झटकत म्हणाला. “रस्त्यापासून शेडपर्यंत फाटकं लावत आलो. पाचच्या पाच. एक तर नुसतं उघडं टाकलेलं होतं कुणीतरी, तेसुद्धा लावलं.”

“शहाणा,” मी म्हटलं. आणि हसले. आयुष्यात इतकी मूर्खासारखी मी परत कधी हसले नाही.

शनिवारी उजाडताना मी जुनी गाडी काढली. टिप कुत्रा मागे चढला. नेव्हिल तंबूबाहेर चूळ भरत होता.

“कुठे?”

“टेकडीवर. माझ्या मेंढ्या बघायला.”

“मीही येतो. एवढा धाक कुणापायी बसला, ते तरी बघू दे.”

वाटेत तो बडबडत होता. आईची, त्यांच्या गल्लीची, तंबू शिवणाऱ्या मालकाची. मला बरं वाटत होतं. काच खाली केली, आणि तेवढ्यात कळलं की काहीतरी चुकतंय. एकही मेंढी ओरडत नव्हती. वर कावळे होते, नको तितके.

टेकडीचं कुरण चौथ्या फाटकाच्या रस्त्याकडच्या बाजूला आहे आणि पाण्याचा हौद घराकडच्या. म्हणून चौथं फाटक कधीच लावायचं नसतं. आमच्याकडे लहान पोरांनाही हे सांगावं लागत नाही. मेंढ्या आपल्याआपण पाण्यावर जातात, येतात. ते फाटक बंद होतं. साखळी दोनदा गुंडाळलेली.

मेंढ्या फाटकावर येऊन पडल्या होत्या, एकीवर एक. हौद त्यांना दिसत होता. चाळीस पावलांवर, काठोकाठ. दोन दिवस त्या तिथून पाण्याकडे बघत होत्या.

नेव्हिल खाली उतरला. साखळीकडे बघितलं. माणसाचा चेहरा असा पांढराफटक पडलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

“हे... हे मी लावलं,” तो म्हणाला. “पण तूच म्हणालीस—”

ते वाक्य त्यानं पुढे कधीही पुरं केलं नाही.

मग तो साखळी सोडायला धावला आणि मी ओरडले, “हात लावू नकोस!”

“अगं, मरतायत त्या!”

“उघडलंस तर उरलेल्याही मरतील! एकदम धावतील, हौदात एकमेकींना बुडवतील, पोट फुटेस्तोवर पितील. दहा. दहाच सोडायच्या. मी म्हणेन तेव्हा उघड, मी म्हणेन तेव्हा छाती लावून बंद कर.”

तो अर्ध्या माणसाएवढं अंतर ठेवून फाटक उघडायचा, अंगानं अडवायचा. तहानेनं वेड्या झालेल्या मेंढ्या त्याच्या पोटऱ्यांवर, गुडघ्यांवर डोकी आपटत होत्या. मी हौदाशी. दहा आल्या की घोट-घोट पिऊ द्यायचं, टिपला घालून मागे रेटायचं, सावलीला न्यायचं. मग पुढच्या दहा. ज्यांना उठता येत नव्हतं त्यांच्याजवळ तो टोपीत पाणी घेऊन बसला आणि बोटानं तोंड ओलं करत राहिला. एका मेंढीनं त्याच्या मांडीवर मान टाकली ती परत उचललीच नाही. तरी तो तिच्या ओठाला पाणी लावतच होता.

“नेव्हिल,” मी म्हटलं. “ती गेली.”

“हो,” तो म्हणाला. आणि अजून एकदा लावलं.

तीन तास गेले. चारदा दहा, शेवटच्या तीन. त्रेचाळीस वाचल्या, सतरा गेल्या. आम्ही फाटकाला टेकून उभे होतो, दोघांची सावली आखूड होत चाललेली. त्याचा सदरा फाटला होता, नडगीतून रक्त येत होतं. मला त्याच्यावर ओरडायचं होतं. शब्द जिभेवर तयार होते. पण शुक्रवारचं “पाचच्या पाच” माझ्या कानात वाजलं आणि माझी जीभ, जी कधी कुणापुढे अडली नव्हती, ती अडली.

“मार्गोचं लग्न लागेपर्यंत एक शब्द नाही,” एवढंच म्हटलं. “तिचा दिवस आहे.”

चार वाजता निलगिरीखाली लग्न लागलं. मार्गो अनवाणी, केसांत रानफुलं. मी तिच्या डाव्या हाताला उभी, घासून घासून धुतलेले हात पाठीमागे धरून, कारण वास जात नव्हता. पाद्रीबाबांनी विचारलं, सुखात आणि दुःखात? मार्गो म्हणाली, हो. दीडशे माणसं गवतात उभी होती, पण आवाज फक्त वाऱ्याचा. मी मान वर केली तर सगळ्यांच्या मागे, ट्रकला टेकून नेव्हिल. उसना सदरा, आखूड बाह्यांचा. तो नवरानवरीकडे बघत नव्हता. माझ्याकडेही नाही. टेकडीकडे बघत होता.

उन्हं कलली तशी मोठ्या तंबूत पंगत बसली. थंड मटण, बटाट्याची कोशिंबीर, आईची कुखेन. अभिनंदनाच्या तारा वाचून झाल्या आणि क्लाइव्ह ग्लास घेऊन उभा राहिला.

“नवरानवरीला आशीर्वाद आहेतच,” तो म्हणाला. “पण काका, टेकडीवर कावळे कशाला जमलेत, हे कुणी बघितलं का? मी आत्ता बघून आलो. सतरा मेंढ्या. सगळ्या चौथ्या फाटकाला चिकटून. फाटक बंद ठेवलं होतं कुणीतरी, आणि दोन दिवस तिकडे कुणी फिरकलं नाही.” मग माझ्याकडे वळून, हसत, “साठ मेंढ्यांना पाणी पाजता येत नाही एल्वाला, आणि निघालीय अख्खी जमीन सांभाळायला.”

मार्गोनं माझा हात धरला. बाबा खुर्चीत तसेच, चेहरा दगडाचा.

“फाटक मी लावलं.”

वाजवणाऱ्यांच्या बाकावरून नेव्हिल उठला होता. “मी शहरातला. मला कळलं नाही. चूक माझी एकट्याची. तिचा काही संबंध नाही.”

लोकांनी त्याच्याकडे जे बघितलं ना... आमच्याकडे माणूस खोटं बोललेला चालतो एक वेळ, पण जनावर पाण्यावाचून मारलेलं चालत नाही. तो ते बघणं झेलत उभा राहिला. “प्रत्येक” हा शब्द त्यानं उच्चारला नाही.

मी गप्प बसले असते तर काम झालं होतं. मेंढ्या माझ्या हातून गेल्या नाहीत, परक्या माणसानं मारल्या, असं ठरलं असतं. सोमवारचा कागद माझा. तो ट्रक घेऊन गेला असता आणि परत कधी दिसला नसता. मी खोटं बोलत नाही, हे सगळं माझ्या डोक्यातून गेलं. सुरी खाली ठेवायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात गेलं.

मी उभी राहिले. “बस खाली,” त्याला म्हटलं. “अर्धंच सांगतोस.”

“एल्वा, राहू दे...”

“बस म्हटलं ना!” मग बाबांकडे बघितलं. “बाबा, प्रत्येक फाटक लाव असं मीच त्याला दरडावलं होतं. चौथं सोडून, हे सांगितलं नाही. काल सकाळी मेंढ्यांकडे गेले नाही. आणि काल दुपारी त्यानं मला तोंडावर सांगितलं, उघडं होतं तेसुद्धा लावलं, पाचच्या पाच लावली. सहा वर्षांची असल्यापासून मला माहीत आहे की लावायची चार असतात. त्यानं सांगितलं तेव्हाच निघाले असते तर बहुतेक सगळ्या वाचल्या असत्या. मी ऐकलं, आणि डोक्यात शिरलं नाही.”

“का नाही शिरलं?” बाबांनी विचारलं.

“लक्ष नव्हतं.”

“कुठे होतं?”

तंबूचं कापड फडफडलं. आईचा डाव हातातच राहिला. दीडशे माणसं, त्यात पाद्रीबाबा, शाळेच्या बाई, क्लाइव्हची बायको. खोटं बोलायला जागा होती. स्वयंपाकात होतं म्हणता आलं असतं.

“त्याच्याकडे,” मी म्हटलं.

कुणी हसलं नाही. नेव्हिलनं हातांत तोंड लपवलं. माझे कान पेटले होते, पण मी बसले नाही. बसले असते तर उठता आलं नसतं.

बाबांनी पाणी प्यायलं. ग्लास ठेवला. “किती वाचल्या?”

“त्रेचाळीस.”

“पाण्यावर कशा घेतल्या?”

“दहा-दहा. त्यानं फाटक धरलं, मी हौदाशी.”

बाबा सावकाश वळले. “क्लाइव्ह, तू काय केलं असतंस?”

“काय म्हणजे? फाटक उघडलं असतं.”

“हं,” बाबा म्हणाले. “मग एवढ्या वाचल्या नसत्या.” मग त्यालाच म्हणाले, “सोमवारी हॉर्शमला मी आणि एल्वा जाऊ. तू गाडी काढू नकोस.” आणि मला, “तू बस आता. मेंढ्या गेल्यात, ते मी विसरणार नाही. तूही विसरू नकोस.”

मी विसरले नाही. आजही उन्हाळ्यात पाण्याची फेरी मी दुसऱ्या कुणावर सोपवत नाही, आणि सुना-नातवंडं पाठीमागे काय बोलतात ते मला माहीत आहे. बोलू देत.

रविवारी पाहुणे पांगले. गाडीच्या मागे रिवाजाप्रमाणे बांधलेले डबे खडखडवत मार्गो आणि टोबी गेले. जाताना मार्गो माझ्या कानात म्हणाली, “माझ्या लग्नात माझ्याकडे कुणी बघितलंच नाही, सगळे तुझ्याकडे बघत होते. सोडणार नाही तुला.” आणि रडली.

मी कुदळ, फावडं घेऊन टेकडीवर गेले, तर नेव्हिल आधीच तिथे. पहाटेपासून खणत होता. एवढी कडक जमीन, आणि कमरेइतका खड्डा. आम्ही एकेक मेंढी दोघं मिळून उचलली. सतरा वेळा. शेवटची तीच होती, त्याच्या मांडीवरची. तिला ठेवताना त्यानं तिचा कान सरळ केला, जणू कान दुमडला तर तिला झोपायला त्रास झाला असता. तेव्हा माझ्या मनात काय ठरायचं ते ठरलं.

माती लोटून झाली. संध्याकाळचं पिवळं ऊन गवतावर आडवं पडलेलं. खाली घरापाशी तंबू उतरवून ट्रकवर बांधून झाले होते. त्याच ट्रकनं परत जायचा असलेला ड्रम वाजवणारा पोरगा पायरीवर बसून वाट बघत होता.

“काल तू ते बोलायला नको होतंस,” नेव्हिल म्हणाला. “सगळ्यांसमोर.”

“का? लाज वाटली?”

“नाही. मी... मी आधी बोलणार होतो. तसलंच. शुक्रवारी, पियानोपाशी. मग शनिवार असा उजाडला, आणि मला वाटलं, आता कुठल्या तोंडानं.”

“बोल मग आता.”

“आता तर तू बोलून बसलीस. मला काय उरलं?”

“सगळं उरलंय. मी फक्त बघत होते एवढंच म्हटलं. पुढचं तुझं तू बघ.”

तो मातीचे हात पँटला पुसत राहिला. पुसून पुसून काही निघणार नव्हतं. मग त्यानं डोळे वर केले. ते आभाळ, अजून अडलेलं.

“मला तुझ्याबद्दल... एल्वा, मला हे नीट सांगता येत नाही. तुझा आवाज ऐकला की मला घाबरायला होतं, आणि नाही ऐकला तर जास्त.” त्यानं खाली ट्रककडे बघितलं. “मी परत येऊ? कातरणीला? नाहीतर नुसताच?”

“परत यायचं तर आधी जावं लागतं,” मी म्हटलं.

त्याला समजायला वेळ लागला. मी तोवर फावडं झटकत उभी राहिले, दुसरीकडे बघत, कारण माझा चेहरा त्या वेळी कुणी बघण्यासारखा नव्हता.

मग त्यानं खिशातून ट्रकची किल्ली काढली. हातात एकदा उडवली, झेलली, आणि उतारावरून खाली बघत ओरडला—

“अरे ए ड्रमवाल्या! तुला ट्रक चालवता येतो का?”